बॉल पायथन की कार्पेट पायथन? घरी साप आणण्याआधी ऐका

(या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे', 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं. ज्यांना बसमध्ये, लायब्ररीत किंवा मीटिंगमध्ये ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी.)

आजचा विषय ऐकून घरातले मोठे लोक म्हणतील, 'काय डोकं फिरलंय का!' पण प्रश्न खरा आहे आणि विचारणारा आपलाच श्रोता आहे. सांगलीचा मुलगा, सध्या अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला नोकरी करतो, एच-१बी व्हिसावर, भाड्याच्या वन बेडरूममध्ये राहतो. त्याचा मेसेज असा: "लहानपणापासून सापांचं वेड आहे. इथे पायथन पाळणं कायदेशीर आहे. बॉल पायथन आणि कार्पेट पायथन या दोघांत अडकलोय. कुठला घेऊ?"

भारतात बसून ऐकणाऱ्यांनी इथेच एक गोष्ट कानावर घ्या. आपल्याकडचा अजगर पाळणं हा गुन्हा आहे, आणि परदेशी सापांचे नियम वेगळे आहेत. त्यावर शेवटी बोलू. तोवर 'भाऊ, मला पण एक पाहिजे' असा मेसेज टाकू नका.

आता मूळ प्रश्न. इंटरनेटवर याचं उत्तर दोन ओळींत मिळतं: बॉल शांत, कार्पेट तापट. हे अगदी खोटं नाही, पण या उत्तरावर साप घेतला तर सहा महिन्यांनी पस्तावायची वेळ येते. दोन्ही साप त्रास देतात, फक्त त्रासाचा प्रकार वेगळा असतो. त्यामुळे 'चांगला कुठला' असं विचारू नका. 'कुणाचा त्रास मला पुढची वीस-पंचवीस वर्षं झेपेल' असं विचारा.

दोघं मूळचे कुठले?

सापाचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याचं गाव बघायचं.

बॉल पायथन, शास्त्रीय नाव पायथॉन रेजियस, हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यात, गवताळ माळावर आणि शेतांच्या आसपास राहतो. दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहायचं आणि रात्री बाहेर यायचं. घाबरला की अंगाचा गोळा करतो आणि डोकं मधोमध लपवतो, म्हणून 'बॉल'. ब्रिटनमध्ये यालाच रॉयल पायथन म्हणतात. मोठा झाला की साधारण तीन ते पाच फूट. मादी मोठी, नर लहान. अजगरांच्या कुळात हा अगदी बुटका.

कार्पेट पायथन, म्हणजे मोरेलिया स्पायलोटा, हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. अंगावरची नक्षी गालिच्यासारखी म्हणून हे नाव. झाडावर चढतो, खडकात राहतो, आणि ब्रिस्बेनसारख्या शहरात लोकांच्या छताच्या पोकळीतही मुक्काम ठोकतो. याचे अनेक उपप्रकार आहेत, आणि खरी गोची तिथेच होते. इरियन जाया कार्पेट साधारण चार ते सहा फूट, जंगल कार्पेट पाच ते सात फूट, आणि कोस्टल कार्पेट सहज सात-आठ फूट, कधी त्याहूनही मोठा. दुकानात नुसतंच 'कार्पेट' असं लिहिलेलं असेल तर 'कुठला कार्पेट?' हा पहिला प्रश्न विचारा. हातभर पिल्लाकडे बघून काही कळत नाही.

थोडक्यात, एक बिळातला आणि एक फांदीवरचा. पुढचं सगळं यावरूनच ठरतं.

हातात घेतल्यावर

बॉल पायथन हातात घेतला की जड, संथ, मनगटाभोवती विळखा घालून बसून राहतो. नवशिक्यांना हे फार आवडतं. पण लक्षात घ्या, साप शांत बसलाय म्हणजे मजेत आहे असं नाही. अंग आकसून, डोकं लपवून बसलेला बॉल पायथन घाबरलेला असतो. सैल पडून जीभ बाहेर काढत इकडेतिकडे बघणारा साप निवांत असतो. हा फरक ओळखायला शिकला नाहीत तर तुम्ही 'किती गोड' म्हणत फोटो काढाल आणि तो बिचारा जीव मुठीत धरून बसलेला असेल.

कार्पेट पायथनची तऱ्हा वेगळी. तो चपळ असतो, उत्सुक असतो, फांदीवरून तुमच्याकडे बघत राहतो. खोलीत तुम्ही चाललात की त्याचं डोकं वळतं. ज्यांना साप 'बघायला' आवडतो त्यांना यात जास्त मजा. पण पिल्लं चावरी असतात. जंगलात वीतभर पिल्लाला प्रत्येक मोठा प्राणी खायलाच आलाय असं वाटणार ना! त्या वयातला चावा म्हणजे चार बारीक ओरखडे आणि थोडं रक्त. अजगर बिनविषारी असतात. वाढता वाढता आणि नियमित, हळुवार हाताळणीने बहुतेक कार्पेट निवळतात.

मोठ्या कार्पेटच्या बाबतीत जपायचं ते त्याच्या भुकेच्या झडपेला. दार उघडलं म्हणजे जेवण आलं, असा त्याचा समज होतो. यावर सोपा उपाय आहे: हात घालण्याआधी हुकने किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगाला हलकेच स्पर्श करायचा. काही आठवड्यांत त्याला कळतं की स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही. आणि उंदराचा वास हाताला असताना कुठलाच साप उचलायचा नाही. हा नियम बॉललाही लागू.

जेवण: एकाचा उपास, दुसऱ्याची हाव

दोघांचंही अन्न उंदीर. अमेरिकेत, युरोपात ते गोठवलेले मिळतात. कोमट पाण्यात पूर्ण वितळवायचे, गरम करायचे आणि लांब चिमट्याने द्यायचे. जिवंत उंदीर टाकू नये, कारण कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला गंभीर जखमा करू शकतो. आकाराचा ढोबळ नियम: सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच जाड उंदीर.

तुमच्या फ्रीजरमध्ये मेलेले उंदीर असणार, हे रूममेटला आधी सांगा. गंमत नाही, यावरून मोडलेल्या रूममेटशिप आहेत.

बॉल पायथनची ख्याती म्हणजे उपास. चांगला खाता खाता अचानक बंद. कधी दोन आठवडे, कधी दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त. थंडीच्या दिवसांत आणि मिलनाच्या हंगामात, विशेषतः नर, असं हमखास करतात. नवीन माणूस घाबरतो, रोज नवा उंदीर नाकासमोर नाचवतो, साप अजून बिथरतो, अजून खात नाही. खरं काम असं: तापमान तपासा, लपायची जागा पुरेशी आहे का बघा, आणि दर एक-दोन आठवड्यांनी वजन करा. सापासाठी वेगळा वजनकाटा ठेवा, स्वयंपाकघरातला नको. मोठ्या सापाचं वजन टिकून असेल तर थांबायचं. वजन सतत उतरत असेल, तोंडात फेस असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. पिल्लाच्या बाबतीत इतकी वाट बघू नका.

कार्पेटचं उलट. पिल्लू सुरुवातीला नखरे करू शकतं, पण एकदा सुरू झालं की तो खातच राहतो. इथे त्रास देण्यापेक्षा लाड जास्त होतात. मोठ्या सापाला दर आठवड्याला खायला घातलं की तो लठ्ठ होतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. मोठ्या कार्पेटला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं, कधी त्याहूनही जास्त अंतर चालतं. तो तुमच्याकडे भुकेल्या डोळ्यांनी बघेल. बघू द्या.

म्हणजे स्वतःला विचारा: न खाणाऱ्या जिवाकडे बघून तुम्हाला झोप लागेल का? नसेल लागत, तर बॉल पायथन तुमचा जीव खाईल.

घर: उष्णता, ओल आणि कुलूप

दोघांनाही घरात एक गरम टोक आणि एक गार टोक लागतं. साप स्वतःचं तापमान जागा बदलून ठरवतो. बॉलसाठी गरम बाजूला ऊब घ्यायची जागा साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजू २५-२६ च्या आसपास. कार्पेटलाही गरम जागा साधारण तेवढीच चालते, आणि गार बाजू थोडी आणखी गार असली तरी बिघडत नाही. बॉलला हवेतली ओल जास्त लागते, ६० ते ८० टक्के, नाहीतर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा अडकतो. कार्पेट कोरड्या हवेला थोडा जास्त सोसतो.

हीटर थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही. अजिबात नाही. साप गरम पृष्ठभागावरून वेळेत उठत नाही, पोट भाजून घेतो. 'गरम दगड' म्हणून जे विकतात ते तर घेऊच नका.

आकार किती? मोठ्या बॉलसाठी कमीत कमी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असं घर धरा. त्यात किमान दोन बंदिस्त लपायच्या जागा. आणि एक फांदीही द्या. बॉल पायथन कायम बिळातच असतो हे अर्धसत्य आहे. जंगलात, विशेषतः लहान आकाराचे नर झाडावर चढतात आणि पक्षी खातात, अशी निरीक्षणं आहेत. कार्पेटला उंची हवी: चार फूट लांब आणि तितकंच उंच, कोस्टलला सहा फूट लांबी. त्यात आडव्या, पक्क्या फांद्या, कारण तो दिवसचे दिवस त्यावर वेटोळं घालून बसणार. वन बेडरूममध्ये हे कपाटाएवढं सामान झालं. घर बदलताना तेही उचलायचं आहे.

आणि कुलूप. दोघंही पळण्यात पटाईत, कार्पेट जास्तच. शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये तुमचा साप निघाला तर घरमालक 'बिनविषारी आहे' हे ऐकून घेणार नाही. त्यामुळे भाडेकरार आधी वाचा. तुमच्या राज्यात साप कायदेशीर असेल, पण करारात 'सरपटणारे प्राणी चालणार नाहीत' अशी ओळ असेल तर खेळ संपला. शहराचे नियमही वेगळे असू शकतात. हवाई राज्यात तर साप पाळणंच बेकायदा आहे.

ऑस्टिनच्या मित्रासाठी आणखी एक. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ आलं तेव्हा ४० लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली, कित्येकांची वीज दिवसचे दिवस नव्हती. आपण स्वेटरवर स्वेटर चढवतो. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. वीज गेली तर काय, याचं उत्तर साप घरात येण्याआधी तयार पाहिजे: थर्मोकोलचा डबा, कापडी पिशवी, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. आणि त्या काळात खायला घालायचं नाही, गार अंगाने अन्न पचत नाही.

रंगाच्या नादात

बॉल पायथनचे रंग-नक्षीचे शेकडो प्रकार तयार केले गेलेत, त्यांना मॉर्फ म्हणतात. पांढरे, केशरी, पट्ट्यांचे, डागांचे. फोनच्या स्क्रीनवर फार भारी दिसतात. पण 'स्पायडर' नावाच्या मॉर्फबद्दल माहीत असू द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी देणारं हे जनुक सापाचा तोलही बिघडवतं. डोकं थरथरतं, मान वळून उलटी होते, काहींना उंदरावर नीट झडपही घालता येत नाही. याचं कारण आतल्या कानाच्या रचनेतला दोष. काहींमध्ये तो कमी दिसतो, काहींमध्ये जास्त, पण नक्षी आली की दोषही सोबत येतो. माझं मत सरळ आहे: हा घेऊ नका. मागणी असेल तोवर पैदास होत राहणार.

दुसरी गोष्ट, साप कुठून आलाय. घाना, टोगो, बेनिन या देशांतून वर्षानुवर्षं बॉल पायथन निर्यात होत आले आहेत. गाभण माद्या आणि अंडी रानातून गोळा करायची आणि पिल्लं विकायची, अशी तिथली पद्धत आहे. अशी पिल्लं स्वस्त पडतात, पण ताण आणि परजीवी सोबत घेऊन येऊ शकतात. ऑस्ट्रेलिया आपले देशी सरपटणारे प्राणी विक्रीसाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरच्या बाजारातले कार्पेट बहुतेक करून पाळीव पैदाशीचेच असतात. तरी दोन्ही बाबतीत विक्रेत्याला विचारा: तुमच्याकडेच जन्मलाय का? शेवटचं कधी खाल्लं? काय खाल्लं, वितळवलेला उंदीर की जिवंत? किती वेळा सलग? आणि 'माझ्यासमोर खाऊ घालून दाखवा' म्हणायला लाजू नका.

घरी आणल्यावर आधीपासून दुसरा साप असेल तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. पायथनांमध्ये श्वसनाचा एक विषाणूजन्य आजार पसरतो, सर्पेंटोव्हायरस किंवा निडोव्हायरस नावाचा. दोन्ही जातींना होतो, आणि वरून साप कित्येक दिवस ठणठणीत दिसू शकतो. सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुणं तर ठरलेलंच, साल्मोनेलामुळे.

खरा हिशेब: तुमच्यानंतर कोण?

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे दोन्ही साप नीट सांभाळले तर वीस वर्षं सहज जगतात, बॉल पायथन तर तीस. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन मादी १९६१ मध्ये आली. २०२० मध्ये, वयाच्या साठीनंतर, तिने सात अंडी घातली, आणि त्याआधी पंधराहून जास्त वर्षं ती कुठल्याही नराजवळ नव्हती. ही टोकाची गोष्ट झाली. पण तीस वर्षं ही टोकाची गोष्ट नाही.

आपला मित्र समजा २७ वर्षांचा आहे. आज पिल्लू आणलं तर साप म्हातारा होईल तेव्हा हा पन्नाशी ओलांडलेला असेल. मधे काय काय होईल? एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. लग्न होईल, समोरच्या व्यक्तीला साप चालेल का? आईवडिलांची तब्येत बिघडेल आणि एक दिवस सांगलीला परत यायचं ठरेल. त्या दिवशी सापाचं काय? पायथनांची आंतरराष्ट्रीय ने-आण साइट्स करारात येते. परवाने लागतात, भारताचे आयातीचे नियम वेगळे. कुत्र्यासारखं 'सोबत घेऊन येतो' हे इथे चालत नाही, आणि बॅगेत लपवून आणणं म्हणजे सरळ तस्करी.

साठ दिवसांत घर आवरताना घाईत दिलेला साप कुणाकडे जातो, हे आपल्या हातात राहत नाही. बाहेर सोडून देणं तर मुळीच नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मी अजगर कसे पसरले ते जगाने बघितलंय. ती जात वेगळी आणि फार मोठी, पण सुरुवात पाळीव सापांच्या व्यापारातूनच झाली. आणि थंडी पडणाऱ्या ठिकाणी सोडलेला साप नुसता गारठून मरतो.

म्हणून मित्रा, तुला माझं उत्तर असं.

आधी एका माणसाचं नाव लिही, जो तुझा साप लेखी कबूल करून घेईल. नुसतं 'बघू रे' नको. असं नाव नसेल, तर आत्ता दोन्हीपैकी एकही नको. जवळच्या सर्पप्रेमींच्या क्लबमध्ये जा, बचाव केंद्रात शनिवार-रविवार काम कर. साप हाताळायला मिळतील आणि तसं नावही तिथेच सापडेल.

नाव असेल, तर बॉल पायथन घे. पण पिल्लू नको, बचाव केंद्रातून आठ-दहा वर्षांचा साधा नर घे. का? एक, तो वाढून झालाय, त्यामुळे जागा किती लागेल ते आजच कळतं. दोन, त्याचा स्वभाव आणि खाण्याची सवय समोर दिसते. तीन, त्याच्यापुढची वर्षं कमी आहेत, म्हणजे तुझं वचन छोटं आहे आणि पाळता येण्यासारखं आहे. शिवाय एक साप पुन्हा बेघर व्हायचा वाचतो. फक्त उपासाची तयारी ठेव.

कार्पेट तुला मनापासून आवडत असेल तर तो स्वतःचं घर आणि पक्कं बस्तान असेल तेव्हा. तेव्हाही कोस्टल नाही, इरियन जाया किंवा जंगल कार्पेट बघ. त्याला उंची लागते, आणि चावऱ्या वर्षात तुझ्याकडून धीर लागतो. तो तोवर कुठे पळून जात नाही.

आणि भारतातल्या मंडळींसाठी

आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं, गळ्यात घालून रील करणं, सगळं गुन्ह्यात येतं. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. शेतात, विहिरीजवळ अजगर दिसला तर लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाला किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्पमित्राला फोन करा. पोत्यात भरायचा पराक्रम नको.

बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर नोंदणी सक्तीची झाली आहे, 'परिवेश' पोर्टलवर. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणजे तो बहुधा कुणाच्या तरी सुटकेसमधून आलाय. चेन्नई, मुंबईच्या विमानतळांवर असे साप पुन्हा पुन्हा पकडले जातात, आणि प्रवासात मरणाऱ्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून टेलिग्रामवरच्या 'होम डिलिव्हरी'ला हात जोडून नमस्कार.

एवढंच आज. ऑस्टिनच्या मित्रा, त्या कागदावर नाव आलं की कळव. आणि बाकीच्यांनी, घरात कोणी 'मला पण साप पाहिजे' म्हणत असेल तर हा भाग त्याला पाठवा, ओरडण्यापेक्षा बरं. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, मंडळी!